कोडायचे दुसरे क्वार्टेट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हंगेरियन संगीतकार बेला बार्तोकच्या सहा स्ट्रिंग क्वार्टेटांविषयी, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांसाठीच्या रचनांविषयी, आपण पुष्कळ बोललो आहोत. पण त्याचा जिवलग सहकारी झोल्तान कोडाय याचे दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट, ओपस (कृती क्रमांक) 10, मी नुकतेच प्रथम ऐकले आणि तुला लिहिल्यावाचून राहवेना.

1916 ते 1918 या युद्धकाळात रचलेली ही कृती दोनच भागांची आहे. बुडापेस्टच्या वाल्डबाउअर-केर्पेय क्वार्टेटने ती 1918 मध्ये प्रथम वाजवली. त्याच वर्षी त्याच चौघांनी बार्तोकचे दुसरे क्वार्टेटही सादर केले, आणि त्या थोर कृतीच्या सावलीत ही झाकोळली गेली असावी.

पहिला भाग सुरेख आणि वाहता आहे, पण माझे मन जडले ते दुसऱ्या भागाच्या आरंभी येणाऱ्या अनिबद्ध वादनावर. तेथे ताल जवळजवळ थांबतो आणि व्हायोलिन एखाद्या माणसाने मन मोकळे करावे तसे बोलू लागते. कोडाय 1905 पासून खेडोपाडी हिंडून, फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करीत होता. त्या गाण्यांतील पाच स्वरांची जुनी चौकट, म्हणजे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी, आपल्या धानी रागाची आहे, त्यामुळे या संगीतातील कित्येक वळणे कानाला परकी वाटतच नाहीत. हंगेरियन भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, आणि येथे शब्द नसतानाही कित्येक स्वरवाक्ये भार देऊन सुरू होतात व हलकेच उतरत जातात, असे मला जाणवले. मात्र खालचे स्वरसमूह तानपुऱ्यासारखे स्थिर राहत नाहीत; ते सरकतात, आणि वरचा तोच स्वर क्षणात उजळतो, क्षणात काळवंडतो. हे सामर्थ्य आपल्या आलापात नाही, हे मी तुझ्यापाशी मोकळेपणाने मान्य करतो.

पुढे नृत्याची लय येते आणि चौघेही उल्हासाने वाजवू लागतात. घरच्या वादनात चौथा वादक हवा म्हणून कोडाय लहानपणी स्वतःच चेलो शिकला होता. म्हणूनच की काय, येथे कोणतेही वाद्य नुसती साथ करीत बसत नाही.

तू स्वतः गातोस, म्हणून तो अनिबद्ध भाग ऐकताना कुठे श्वास घ्यावासा वाटतो, ते मला अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित