चेलोच्या तारा पारखताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चेलोला (व्हायोलिन घराण्यातल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याला) कोणत्या तारा लावाव्यात, असे विचारले की उत्तरे बहुधा विशेषणांत मिळतात. ही गोड, ती खणखणीत, तिसरी भारदस्त. यांतली बरीच मते चुकीच्या तुलनेतून तयार झालेली असतात. वादक वर्षभर वाजवून मेलेली तार उतरवतो, दुसऱ्या कंपनीची कोरी तार चढवतो आणि वाद्य खुलले की श्रेय कंपनीला देतो. आधीच्याच जातीची कोरी तार चढवली असती तरी वाद्य खुललेच असते. तुलना करायची तर कोरीची कोरीशी करावी. दोन्ही तारा जवळपास तेवढेच दिवस वाजलेल्या असाव्यात.

तार मेली आहे की नाही, हे तपासणे सोपे आहे. तारेच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या धातूच्या वेष्टणाच्या फटींत घाम आणि रोझिन (गजाला लावायची राळ) साचते, वेष्टण जागोजागी सैल होते आणि तारेचे वजन लांबीभर सारखे राहत नाही. मग ती कणसूर बोलू लागते. मोकळ्या तारा नीट जुळवून घ्या आणि शेजारच्या दोन तारा एकाच बोटाने, एकाच रेषेत दाबा. मोकळ्या तारांत शुद्ध असलेला सा-प इथे तिरका लागला, आणि बोट सरळ ठेवूनही तिरकाच राहिला, तर दोघींपैकी एक तार गेली आहे. आस, म्हणजे स्वर रेंगाळणे, कमी होणे हे त्याआधीचे लक्षण, पण ते इतके हळूहळू येते की रोज वाजवणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

आता पाकिटावरच्या मजकुराविषयी. 'सॉफ्ट', 'मीडियम', 'स्ट्राँग' या शब्दांना सर्व कंपन्यांत मिळून असे एकच माप नाही. एकीचे मीडियम दुसरीच्या स्ट्राँगइतके जड असू शकते. म्हणून किलोमध्ये दिलेला ताण पाहावा. पूर्ण आकाराच्या चेलोवर घोडीपासून नटापर्यंतची (वाद्याच्या मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपर्यंतची) लांबी साधारण ६९ ते ६९.५ सेंटिमीटर असते. तेवढ्या लांबीवर मध्यम जातीच्या पोलादी ए तारेचा, म्हणजे सर्वांत वरच्या स्वराच्या तारेचा, ताण १७-१८ किलोच्या आसपास आणि बाकी तिघींचा (डी, जी, सी) प्रत्येकी १३-१४ किलोच्या आसपास असतो. म्हणजे चौघींचा मिळून ५५ ते ६० किलो ताण होतो. स्वर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आपल्या चेलोची लांबी ६८ असेल तर तीच तार जवळपास ४ टक्के सैल लागेल. पाऊण आकाराच्या वाद्यावर पूर्ण आकाराची तार 'चालवून घेतली' की ती गजाखाली लिबलिबते, त्याचे कारणही हेच. साधारण ६२.५ सेंटिमीटरवर तिचा ताण सुमारे पाचवा हिस्सा कमी होतो.

सर्वांत खालच्या, सी तारेची अडचण निराळी आहे. ए २२० हर्ट्झवर, सी ६५.४ हर्ट्झवर आणि लांबी मात्र तीच. ताण सारखा धरला तर सी तारेचे दर सेंटिमीटर वजन ए तारेच्या ११ पटींहून जास्त हवे. हे वजन नुसत्या जाडीने आणले तर तार ताठर होते आणि गज लावल्यावर उशिरा बोलते. त्यामुळे वेष्टणाला जड धातू वापरतात. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, चांदीची १०.५, टंगस्टनची १९.३. टंगस्टनची सी तार त्यामुळेच बारीक असूनही जड असते आणि चटकन बोलते. सुरुवातीचे काही दिवस तिला धातूची खरखर असते. त्या दिवसांत तिच्याविषयी निकाल देऊ नये.

गाभ्याचे प्रकार तीन : तात (आतड्याची), कृत्रिम धागा आणि पोलाद. तातीचा ताण कमी आणि स्वराला रंग भरपूर, पण हवेतल्या दमटपणाने ती उतरते-चढते आणि स्थिरावायला आठवडे घेते. कृत्रिम धागा या दोन्हींच्या मधला. पोलादी तार दोन-चार दिवसांत स्थिर होते, पण तिला फाइन ट्यूनर (टेलपीसवरचे, म्हणजे तारांचे खालचे टोक धरणाऱ्या पट्टीवरचे, बारीक जुळवणीचे स्क्रू) हवेतच. खुंटीने ती बारीक जुळत नाही. तातीवरून पोलादावर जाताना नट आणि घोडीवरच्या खाचा पाहणे राहून जाते. तातीच्या रुंद खाचेत बारीक पोलादी तार बसली की झणझणते. उलट, अरुंद खाचेत जाड तार अडकते, जुळवताना झटक्याने सरकते आणि एक दिवस तिथेच तुटते. तारेची साधारण एक-तृतीयांश जाडी खाचेत बसावी. खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे.

चारही तारा एकाच संचातल्या हव्यात असे मुळीच नाही. वरच्या दोन लार्सन कंपनीच्या आणि खालच्या दोन स्पिरोकोर जातीच्या टंगस्टनच्या, ही जोडणी जगभर रुळलेली आहे. पण एका तारेचा परिणाम शेजारणीवर होतो, हे लक्षात ठेवावे. ए फार ताणाची घेतली की घोडीवरचा दाब वाढतो आणि कित्येकदा सी दबते. अशा वेळी नवी सी विकत घेण्याआधी हलकी ए लावून पाहावी. आमच्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

वुल्फ नोटचेही, म्हणजे गुरगुरणाऱ्या स्वराचेही, तसेच. ई ते एफ-शार्प या टापूत, म्हणजे १६५ ते १८५ हर्ट्झच्या आसपास, बहुतेक चेलोंवर एखादा स्वर गुरगुरतो, कारण तिथे वाद्याच्या पेटीचे स्वतःचे कंपन तारेशी झटापट करते. कमी ताणाची तार हे भांडण सौम्य करते, मिटवत नाही. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या तुकड्यावर एलिमिनेटर (ही गुरगुर दाबणारे छोटे वजन) बसवलेला असेल तर तारा बदलण्याआधी त्याचे घोडीपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवा. तो दोन-चार मिलिमीटर हलला तरी गुरगुर परत येते आणि दोष बिचाऱ्या नव्या तारेवर जातो.

तारा एकेक करून बदला. चारही एकदम सोडल्या तर घोडी पडते आणि आतला साउंडपोस्टही (पेटीत उभी बसवलेली लाकडी कांडी) निसटू शकतो. नवी तार ताणताना घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे ओढला जातो. घोडीची टेलपीसकडची बाजू वाद्याच्या वरच्या फळीशी काटकोनात आहे ना, हे प्रत्येक तारेनंतर पाहावे. झुकलेल्या घोडीवर कोणतीच तार नीट वाजत नाही.

पारख करताना गज, रोझिन आणि खोली तीच ठेवावी, आणि एका वेळी एकच तार बदलावी. प्रत्येक तारेवर घोडीजवळ जोराचा संथ गज, फिंगरबोर्डकडे अगदी हलकी सुरुवात, मग ए तारेवर अंगठ्याच्या जागेचे (अंगठा तारेवर ठेवून वाजवायचे) वरचे स्वर आणि सी तारेवर अचानक जोराचा आघात, एवढे वाजवले तरी पुरे. ऐकायला दुसरे कोणी पाच-सहा मीटरवर बसवावे, कारण वादकाच्या कानाला जी खरखर टोचते ती तिथपर्यंत बहुधा पोचत नाही. ज्या तारेला तो 'कर्कश' म्हणतो, तीच समोरच्याला स्पष्ट वाटते.

उतरवलेल्या तारांपैकी धड असलेली ए गुंडाळून पेटीत ठेवावी. कार्यक्रमाच्या दिवशी तार तुटली तर कोरी तार तासभर उतरत राहते; एकदा ताणून झालेली जुनी तार काही मिनिटांत जागेवर येते.

आपले,
तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक