शनिवारी मुरबाडला ताऱ्यांचे फोटो काढायला येणाऱ्यांसाठी, कॅमेऱ्याचं आधी बघा
मंडळी, शनिवारी रात्री आठला तीन हात नाक्यावरून निघतोय, बॅटऱ्या फुल चार्ज करून आणि कार्ड रिकामं करून या. फोटो ब्लर येतात अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे, त्यात बहुतेक वेळा लेन्स खराब नसते, फोकस चुकलेला असतो. ऑटोफोकस अंधारात नुसता पुढेमागे फिरत राहतो, म्हणून मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर) व्याध हा ठळक तारा १० पट झूम करा आणि ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवा, मग रिंगला चिकटपट्टी लावा म्हणजे हात लागून हलणार नाही. रिंगवरच्या इन्फिनिटीच्या (खूप दूरच्या फोकसच्या) खुणेवर विसंबू नका प्लीज, ती बरेचदा थोडी पुढेमागे असते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हात हलला तर सावरणारी सोय) बंद, २ सेकंदांचा टायमर, रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल). क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १८ एमएम लेन्सला शटर १५ सेकंदांच्या वर नेऊ नका, तारे लांबट होतात. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पासून सुरू करा. लाल-निळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे उगाच चमकणारे बिंदू; शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर १५-२० डार्क फ्रेम (नुसते काळे फोटो) घ्या, म्हणजे नंतर ते ठिपके काढता येतात. पहाटे दव पडतं, लेन्सला हुड लावा. आणि टॉर्च फक्त लाल, मोबाइलचा फ्लॅश अजिबात नको.