मराठी सबटायटल म्हणून जे विकलंत, त्याबद्दल

कोल्हापूर
८ एप्रिल २०२४

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक पॅकमधली मराठी सबटायटल आणि न चाललेला गेमचा कोड

महोदय/महोदया,

गेल्या नोव्हेंबरात तुमच्या अ‍ॅपवर जाहिरात आली, ‘आता अ‍ॅनिमे तुमच्या मायबोलीत’. साधा पॅक वर्षाला ९९९ रुपयांचा होता आणि मराठी सबटायटल असलेला १,४९९ चा. मी दुसरा घेतला. म्हणजे वरचे ५०० रुपये मी फक्त मराठीसाठी मोजले. मला स्वतःला त्याची गरज नव्हती. पुण्यात नोकरीला असताना मी जपानी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी (एन-४) केली आहे, आणि कान अडखळला तर इंग्रजी सबटायटल असतातच. मराठी हवी होती आजोबांसाठी.

आजोबांनी कोल्हापुरात एका छापखान्यात आधी खिळे जुळवले आणि नंतर ३२ वर्षं मुद्रितं तपासली. आता वय ८१. आजी जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून संध्याकाळी टीव्ही नुसता चालू असतो, ते बघत काहीच नाहीत. मला वाटलं, त्यांना ‘फ्रीरेन’ ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका दाखवावी. जपानच्या निप्पॉन टीव्हीवर २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चार भाग एकदम, सिनेमासारखे दोन तास दाखवले आणि २२ मार्च २०२४ ला अठ्ठाविसावा भाग होऊन मालिकेचं पहिलं पर्व संपलं. मॅडहाउस स्टुडिओचं काम आहे. तलवारी आणि राक्षस आहेत, पण गोष्ट सुरूच होते ती राक्षसांचा राजा मारून झाल्यावर. चौघे दहा वर्षांच्या मोहिमेवरून परततात आणि आपापल्या वाटेने जातात. त्यातली फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली, हजार वर्षांहून जास्त जगलेली. पन्नास वर्षांनी ती परत भेटायला येते तेव्हा हिम्मेल हा त्यांचा नायक म्हातारा झालेला असतो, टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा. थोड्याच दिवसांत तो जातो. त्याला मूठमाती देताना फ्रीरेनला रडू फुटतं. या माणसाबरोबर आपण जेमतेम दहा वर्षं फिरलो आणि त्याला जाणून घ्यायचा प्रयत्नही केला नाही, हे तिला तेव्हा कळतं.

त्या जागी तुमच्या मराठी सबटायटलमध्ये आलं : ‘तो फक्त दहा वर्षांचा होता.’

आजोबा म्हणाले, “अगं, दहा वर्षांचा? मग एवढी दाढी कुणाची?” आणि हसायला लागले. मला हसवेना. तो भाग मी त्यांच्यासाठी निवडला होता आणि का निवडला होता ते तुम्हाला समजावत बसत नाही.

मी विषय तिथेच सोडला असता, पण आजोबांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी दोनशे पानी वही आणि लाल पेन काढलं. डावीकडे भाग आणि मिनिट, मध्ये तुमचं वाक्य, उजवीकडे दुरुस्ती. अठ्ठावीस भागांत ६४३ नोंदी झाल्या आहेत. त्यात विरामचिन्हं धरलेली नाहीत. ती धरायला लागलो तर दुसरी वही आणावी लागेल, असं त्यांचं म्हणणं आहे.

तुमचं मराठी कुठून आलंय हे सांगायला जपानी यावं लागत नाही. फ्रीरेनबरोबर फिरणारी मुलगी म्हणजे फेर्न. तुमच्या सबटायटलमध्ये तिचं नाव ‘नेचे’ आहे. अठ्ठावीस भाग, नेचे. ‘नेचे, झोपलीस का?’ आजोबांना आधी वाटलं, हे गावाकडचं लाडाचं नाव असेल. मग मी त्यांना विज्ञानाच्या पुस्तकातलं नेचे हे झाड आठवून दिलं, इंग्रजीत ते ‘फर्न’. इंग्रजी सबटायटलं मशीनमध्ये घालून पलीकडून जे पडलं ते तुम्ही पडद्यावर लावलंत, दुसरं कारण मला दिसत नाही. या मालिकेतली नावं जर्मन शब्द आहेत : फ्रीरेन म्हणजे गोठणं, हिम्मेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, फेर्न म्हणजे दूर, श्टार्क म्हणजे बलवान. नावांचं भाषांतर करायचंच होतं तर ‘दूर’ तरी करायचं. आणि न करणंच बरं होतं, कारण ही नावं जपानी जशी उच्चारतात तशी देवनागरीत सहज लिहिता येतात. ती सोय तुमच्या हातात होती.

मंत्राला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘स्पेल’ला, तुम्ही सगळीकडे ‘शब्दलेखन’ म्हटलंय. फ्रीरेनला बिनकामाचे मंत्र गोळा करायचा नाद आहे. त्यातला एक गोड द्राक्षं आंबट करायचा, कारण आयझेनला आंबट द्राक्षं आवडतात. तुमच्याकडे ते झालं ‘गोड द्राक्षे आंबट करण्याचे शब्दलेखन’. आजोबांचा शेरा वहीत आहे, तसाच उतरवते : ‘शब्दलेखन आम्ही जन्मभर केले. द्राक्षे आंबट झाली नाहीत.’ नायक आणि त्याचे सोबती या चौघांना तुम्ही ‘नायकाचा पक्ष’ केलंत. सध्या निवडणुकीचे दिवस असल्यामुळे आमच्या घरी त्यावर बरीच चर्चा झाली. चिन्ह कोणतं, आणि अजून एकच आहे ना, वगैरे. पेटीचं सोंग घेऊन बसणारा जो राक्षस (इंग्रजीत ‘मिमिक’) फ्रीरेनला दर वेळी गिळायला बघतो, तो दिसला की फेर्न सावध करते आणि खाली तुमचं वाक्य येतं, ‘नक्कल करा!’

हे विनोद झाले. खरं दुखणं पुढे आहे.

जपानी क्रियापदाला लिंग नसतं, इंग्रजीलाही नाही. मराठीला असतं. त्यामुळे मराठीत बहुतेक ‘मी’च्या पुढे कुणाला तरी ठरवावं लागतं की बोलणारी बाई आहे की पुरुष. तुमच्याकडे हे कुणी ठरवलंच नाही. फ्रीरेन एका वाक्यात ‘मी विसरलो’ म्हणते, पुढच्यात ‘मला आठवले नाही, मी झोपले होते’. आता कोल्हापुरात मुली ‘मी आलो, मी गेलतो’ म्हणतात हे खरं आहे, घरी मीही म्हणतो. पण फ्रीरेन काही रंकाळ्यावर वाढलेली नाही.

तसंच तू आणि तुम्हीचं. फेर्न अनाथ. पुरोहित हायटरने तिला वाढवलं आणि मरताना फ्रीरेनच्या हवाली केलं. ती फ्रीरेनला कायम ‘फ्रीरेन-सामा’ म्हणते (‘सामा’ हे जपानीत आदराने नावाला जोडतात), श्टार्कलाही ‘सामा’ लावते आणि कितीही चिडली तरी अदबीची भाषा सोडत नाही. सकाळी फ्रीरेनला उठवते, कपडे घालून देते, रागावते, पण ‘तुम्ही’ म्हणून रागावते. मालिकेतली निम्मी गंमत इथे आहे. इंग्रजीत हे आणायला जागा कमी, त्यांच्याकडे एकच सर्वनाम. मराठीत मात्र ते आपोआप येतं. घरात मोठ्या जावेवर चिडलेली धाकटी जाऊ ‘तुम्ही’ म्हणत कसं टाकून बोलते, हे इथल्या कुणालाही विचारा. तुमच्या सबटायटलमध्ये फेर्न फ्रीरेनला ‘तू’ म्हणते आणि फ्रीरेन तिला कधी ‘आपण’, कधी ‘तुम्ही’. नातं उलटं झालं. आजोबांना पाचव्या भागापर्यंत वाटत होतं की फेर्न ही मोठी आणि फ्रीरेन तिची शिष्या. दिसायलाही फ्रीरेन बुटकी, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

आणखी एक. मालिकेत एक वाक्य परत परत येतं. कुणी विचारलं की तुम्ही ही मदत का केली, तर उत्तर असतं की हिम्मेल असता तर त्यानेही हेच केलं असतं. माणूस पहिल्याच भागात गेला आणि मागे राहिलेले सगळे त्या एका वाक्यावर चालतात. अशा वाक्याला अभंगातल्या ध्रुपदासारखं सांभाळायचं असतं, शब्द हलवायचे नसतात. तुमच्याकडे ते एकदा ‘हिम्मेलने केले असेल’ आहे, एकदा ‘हिम्मेल ते करेल’, आणि एकदा चक्क ‘हिम्मेलने असे केले पाहिजे’. आजोबांना हे ध्रुपद आहे हे तेव्हा कळलं जेव्हा मी सांगितलं. त्यांनी मग तिन्ही खोडून एकच लिहिलं : ‘हिम्मेल असता तर हेच करता.’ वहीत ही एकच नोंद दोनदा अधोरेखित आहे.

छपाईच्या बाजूबद्दल थोडक्यात. ‘दुसऱ्या’ ऐवजी ‘दुसर्या’, ‘श्टार्क’मधला रफार उडून शेजारच्या अक्षरावर, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरं. शिवाय दोन ओळी आल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. इंग्रजीसाठी केलेल्या चौकटीत देवनागरी कोंबल्यावर हेच होणार.

याबद्दल मी तुमच्याशी तीनदा बोलले. पहिल्यांदा तुमच्या चॅटवरच्या यंत्राने माझं इंटरनेट तपासायला सांगितलं. दुसऱ्यांदाही यंत्रच होतं. तिसऱ्यांदा माणूस आला, सभ्य होता, आणि त्याने सुचवलं : “मॅडम, इंग्रजी सबटायटल निवडून बघा, ती व्यवस्थित आहेत.” त्या मुलावर माझा राग नाही. पण ५०० रुपये घेऊन मराठी विकायची आणि मग इंग्रजी वापरा म्हणायचं, हे कंपनीचं अधिकृत उत्तर असेल तर तसं लेखी द्या.

गेमचं प्रकरण लहान आहे. तुमच्याच दुकान विभागातून धाकट्या भावाने ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ पूर्ण पैसे भरून आगाऊ नोंदवला होता. तोही २२ मार्चलाच आला, फ्रीरेन संपली त्याच दिवशी. पहिला गेम २०१२ चा, म्हणजे बारा वर्षांनी दुसरा. कोड वेळेवर आला, पण दुसऱ्या देशाच्या खात्यासाठीचा होता आणि त्याच्या भारतीय खात्यावर तो चढत नाही. सतरा दिवस झाले, तुमचं ‘तपासत आहोत’ चालू आहे. या गेममध्ये तुमच्याबरोबर एक सोबती असतो, त्याला प्यादं म्हणतात. ते तुम्ही स्वतः घडवायचं आणि ते इतर खेळाडूंच्याही जगात जाऊन काम करून परत येतं. गेम यायच्या आधी तो बनवणाऱ्या कंपनीने पात्रं तयार करून ठेवायची फुकट सोय दिली होती. भावाने त्यात दोन संध्याकाळी घालवून हुबेहूब आजोबा घडवले, मिशीसकट. ते प्यादं त्या दिवसापासून दाराबाहेर उभं आहे. आजोबा रोज विचारतात, “मला आत घेतलं का रे?”

मराठीत हे चालून जाईल, बघणारं आहे कोण, असा हिशेब यामागे असावा असं मला वाटतं. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा अ‍ॅनिमे चित्रपट भारतातल्या थिएटरांत लागला तो इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या म्हणून. बघणारे आहेत आणि मागून घेणारे आहेत. आमची पिढी डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून बघत मोठी झाली. ते हिंदी माणसांनी बसून केलं होतं, म्हणून त्यातली वाक्यं अजून तोंडात आहेत. मराठी यायची होती तर तीही माणसांच्या हातून यायला हवी होती. मशीनने पहिला खर्डा काढायला माझी हरकत नाही. आजोबाही म्हणतात, जुळाऱ्याच्या हातून चुका होतातच, पण तपासल्याशिवाय फर्मा छापायला जात नाही.

तेव्हा मला हवंय ते असं. मराठीसाठी घेतलेले ५०० रुपये परत करा, मला आणि माझ्यासारख्या प्रत्येक ग्राहकाला. सबटायटल माणसाकडून तपासून होईपर्यंत ‘मायबोली’ची जाहिरात काढा. तपासणाऱ्याचं नाव भागाच्या शेवटी द्या. छापलेल्या पुस्तकात मुद्रितशोधकाचं नाव क्वचितच आलं, ही आजोबांची जुनी तक्रार आहे, ती या निमित्ताने मिटेल. भावाला भारतात चालणारा कोड द्या किंवा पूर्ण पैसे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली इथल्या जिल्हा आयोगाकडे जाईन. त्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तुमचं कार्यालय कुठेही असलं तरी मला लांब जावं लागणार नाही.

वहीची झेरॉक्स जोडली आहे, मूळ वही मिळणार नाही. आजोबांनी मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावली आहे. सबटायटल बंद करून बघतात आणि मध्येच थांबवून मला विचारतात, “आत्ता ती काय म्हणाली?”

आपली वर्गणीदार
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक स्वतंत्र पानावर)

सोबत : १) वहीची झेरॉक्स, ११८ पानं २) पैसे भरल्याच्या दोन पावत्या ३) तिन्ही चॅटचे स्क्रीनशॉट ४) जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आजोबांनी लाल पेनाने तपासलेला (त्यातही दोन चुका आहेत)