माहितीच्या चॅनलवर माहिती हवी : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय माहिती आणि प्रसारण मंत्री महोदय,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

सर, विषय थेट मांडते. आपल्याकडे टीव्हीवर ‘इन्फोटेनमेंट’ नावाचा एक गट आहे, विज्ञान, निसर्ग, इतिहास, प्रवास असले चॅनल ज्यात येतात तो, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यातले बरेच चॅनल हळूहळू करमणुकीचे होऊन बसलेत. नाव तेच, सेट टॉप बॉक्सवरचा गट पण तोच, पण लावून बघितलं तर भुताटकीच्या हवेल्या, जुन्या वस्तूंचे लिलाव, जुन्या गाड्या घेऊन रंगवून विकणं, जंगलात कोण किती किडे खाऊन तगतो त्याची स्पर्धा, आणि परग्रहवासी. करमणुकीला माझा अजिबात विरोध नाही, मी पण सिरियल बघते, रिअ‍ॅलिटी शो बघते. माझी तक्रार पाटीबद्दल आहे. औषधाच्या दुकानाची पाटी लावून कुणी आत मिठाई विकायला लागलं तर मिठाई वाईट नसते, पण माणूस आत आलेला असतो औषधासाठी.

भारतात डिस्कव्हरी १९९५ ला आलं, नॅशनल जिओग्राफिक १९९८ ला, अ‍ॅनिमल प्लॅनेट १९९९ ला. त्या काळात ज्यांच्या घरी केबल होती त्यांना विचारा, मुलांनी टीव्ही बघितलेला आईवडलांना चालायचा तो या चॅनलवर. ज्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं तिथली मुलंसुद्धा ज्वालामुखी कसा फुटतो, पिरॅमिडचे दगड कसे ओढले असतील, मुंग्यांचं वारूळ आतून कसं असतं हे बघत मोठी झाली, आणि पुढे हिंदी डबिंग आलं तेव्हा इंग्रजी न येणाऱ्यांनाही ते मिळायला लागलं. लोकांनी या नावांवर विश्वास टाकला तो तेव्हा. आज त्याच विश्वासावर दुसरंच काहीतरी चाललंय.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. टीएलसी नावाचा चॅनल आहे ना, त्याची सुरुवात १९७२ ला अमेरिकेत झाली, तिथलं आरोग्य-शिक्षण खातं आणि नासा यांच्या पुढाकाराने, अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या लोकांपर्यंत उपग्रहातून शिक्षण पोचवायला. १९८० ला नाव पडलं द लर्निंग चॅनल. १९९१ ला तो डिस्कव्हरीने विकत घेतला, मग रिअ‍ॅलिटी शो वाढत गेले आणि नावातलं ‘लर्निंग’ मागे पडून नुसती तीन अक्षरं उरली. आपल्याकडे हे नाव २०१० मध्ये आलं, म्हणजे शिकवण्याचा काळ संपल्यावर.

बरं, नुसती करमणूक असती तरी एक वेळ चाललं असतं, पण त्यात खोटं मिसळायला लागलं. २०१२ ला अमेरिकेत अ‍ॅनिमल प्लॅनेटवर जलपऱ्या खरंच सापडल्यात असं भासवणारा कार्यक्रम माहितीपटाच्या थाटात दाखवला, त्यात शास्त्रज्ञ म्हणून दाखवलेली माणसं नट होती आणि हे काल्पनिक आहे ही सूचना इतकी थोडा वेळ की कुणाला दिसलीच नाही. लोक इतके विचारायला लागले की नोआ या तिथल्या सरकारी सागर आणि हवामान संस्थेला जाहीर करावं लागलं, जलमानवांचा कसलाही पुरावा कधीही सापडलेला नाही म्हणून. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने मेगालोडॉन शार्क अजून जिवंत असल्याचा कार्यक्रम केला, पुन्हा नट, पुन्हा तशीच ओझरती सूचना. हा मासा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालाय.

मला सगळ्यात जास्त लागतं ते कैलास लेण्याचं. वेरूळचं हे लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, एकाच बेसॉल्टच्या डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं, म्हणजे आधी शिखर आणि सगळ्यात शेवटी जोतं, कुठे एक चूक झाली तर दगड परत लावायची सोय नाही. हे कसं केलं असेल याचे पुरावे तिथेच आहेत. छिन्नीच्या खुणा आजही दिसतात. पलीकडे जैन लेण्यांत छोटा कैलास आहे, तो अर्धवट राहिलेला. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं तर इतकं अपुरं आहे की पाथरवट आधी काय मोकळं करायचे, खांबांना आकार कधी द्यायचे, छताकडून खाली कसे यायचे हे तिथे उभं राहून पायरी पायरीने समजतं. एवढं सगळं डोळ्यासमोर असताना ‘हे माणसाला शक्यच नाही’ असं म्हणत परग्रहावरच्या लोकांना मधे आणणारे कार्यक्रम इतिहासाच्या नावाखाली दाखवले जातात. मी शाळेत इतिहास शिकवते सर, आणि वर्गात मुलं अगदी मनापासून विचारतात की मॅडम, कैलास एलियन्सनी बांधलं ना, टीव्हीवर दाखवलं होतं. मुलांची काय चूक, ज्या चॅनलवर त्यांनी ते पाहिलं तो चॅनल माहितीचा आहे असं त्यांना आपणच सांगितलंय. ज्यांनी तो डोंगर फोडला त्या पाथरवटांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत, निदान त्यांचं काम तरी त्यांच्या खात्यावर राहू द्या.

आता कायद्याचं. केबल टेलिव्हिजन नियमांमधल्या कार्यक्रम संहितेत, नियम ६ मध्ये, अर्धसत्य आणि अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा मजकूर दाखवायला मनाई आहे. राज्यघटनेच्या कलम ५१ अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय. आणि १९९५ ला क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या रेडिओलहरींवरून प्रसारण होतं त्या जनतेची मालमत्ता आहेत. तक्रारीची तीन टप्प्यांची पद्धत २०२१ पासून आहे हेही मला माहितीय, पण तिथे कार्यक्रम दाखवून झाल्यावर प्रेक्षकाने कागदपत्रं करत बसायचं, तोवर तो कार्यक्रम पाच वेळा रिपीट झालेला असतो.

खरा घोळ गटात आहे. ट्राय म्हणजे टेलिकॉम आणि टीव्ही वितरणावर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे चॅनल कुठल्या गटात बसतो हे चॅनलवालाच जाहीर करतो. बातम्या, खेळ, लहान मुलं, भक्ती, सिनेमा, संगीत, सर्वसाधारण करमणूक, इन्फोटेनमेंट वगैरे असे नऊ गट आहेत आणि गाईडमध्ये चॅनलची जागा त्या गटाप्रमाणे लागते. एकदा इन्फोटेनमेंट लिहिलं की पुढे दिवसभर काय दाखवताय यावर तो गट टिकतो की नाही, हे कुणी ठरावीक काळाने तपासतंय असं प्रेक्षक म्हणून मला तरी कुठे दिसत नाही. बातम्यांच्या बाबतीत सरकार किती काटेकोर आहे बघा, ज्या चॅनलला बातम्यांची परवानगी नाही त्याला बातम्या दाखवता येत नाहीत. मग ज्ञानाच्या नावाने गट घेतलेल्या चॅनलला थोडी तरी अट का नको?

हे असं का होतं तेही समजतं मला. वाघावर चांगली फिल्म करायची तर कॅमेरामन महिनोन् महिने जंगलात बसतो, आणि लिलावाचा एपिसोड थोड्या दिवसांत उरकतो. जाहिरात येते रेटिंगवर, रेटिंग निघतं देशातल्या निवडक घरांमधल्या मीटरवरून, त्यात विज्ञान बघणारी घरं किती सापडणार. ज्याला गंभीर काही बघायचंय तो बराचसा यूट्यूब आणि ओटीटीकडे गेला, म्हणून चॅनल अजून हलकं झालं, म्हणून अजून लोक गेले. धंद्याचं गणित आहे, कळतं. पण गणित बदललं तर पाटी पण बदला ना, सर्वसाधारण करमणूक म्हणून लावा, कुणी अडवत नाही.

लोक म्हणतात हातात रिमोट आहे, आवडत नसेल तर बदल. मोठ्या माणसाला ठीक आहे हे. पण दहा वर्षांच्या मुलाला खरं शास्त्र कुठलं आणि नट कुठला हे कसं कळणार, त्याच्याकडे तर चॅनलचं नाव हीच खूण असते. आणि ओटीटी सगळ्यांना परवडत नाही, आणि तिथली चांगली माहितीपटं बहुतेक इंग्रजीत.

मी बंदी मागत नाहीये हे पुन्हा सांगते, सेन्सॉरशिप तर नकोच. एक तर गटाची दर वर्षी तपासणी व्हावी, चॅनलने वर्षभरातले किती तास खऱ्या माहितीपर कार्यक्रमांना दिले ते जाहीर करावं, आणि निम्म्यापेक्षा कमी असतील तर त्याला त्या गटातून बाहेर काढावं. दुसरं म्हणजे जिथे नट शास्त्रज्ञ बनून बोलतोय किंवा प्रसंग रचलेला आहे तिथे ‘हे काल्पनिक आहे’ हे पूर्ण वेळ स्क्रीनवर दिसलं पाहिजे, डबिंगच्या भाषेत, मराठीत असेल तर मराठीत. आणि चॅनलसाठीच्या तुमच्याच मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये रोज अर्धा तास राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयांना द्यायची अट आहे, त्या विषयांत विज्ञान-तंत्रज्ञान आहेच, तर कुठल्या चॅनलने त्या अर्ध्या तासात काय दाखवलं ते लोकांना बघायला मिळू द्या.

आणि सर, दूरदर्शन तर तुमच्याच हातात आहे. १९७५-७६ मध्ये साईट नावाच्या उपग्रह-टीव्हीच्या प्रयोगात इस्रोने नासाचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती-आरोग्य-शिक्षणाचे कार्यक्रम पोचवले, तेव्हा कित्येक गावांनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला. १९८४ पासून यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, कंट्रीवाईड क्लासरूम ही शैक्षणिक कार्यक्रमांची मालिका दूरदर्शनवर होती. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या कायद्यात, कलम १२ मध्ये, शिक्षण, शेती, पर्यावरण, आरोग्य, विज्ञान यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचं असं लिहिलेलं आहे. पण विज्ञानाचे कार्यक्रम करणारी विज्ञान प्रसार ही संस्था बंद करण्यात आली, आणि खासगी चॅनल हलके होत असताना हे होणं मला फार वाईट वाटलं. सह्याद्रीवर रोज संध्याकाळी, मुलं घरी असतात त्या वेळेला, एक तास विज्ञान आणि इतिहास मराठीत द्या. विषय कमी नाहीत, लोणारचं विवर आहे बेसॉल्टमध्ये उल्केने झालेलं, त्याचं पाणी २०२० ला गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत. यातली एक तरी गोष्ट आमच्या मुलांनी टीव्हीवर नीट, सावकाश, मराठीत पाहिली पाहिजे.

सध्या इन्फोटेनमेंट गटात कुठले चॅनल आहेत आणि त्यांचा गट शेवटचा कधी तपासला गेला, एवढं तरी मंत्रालयाने जाहीर करावं ही विनंती. पत्राची प्रत ट्रायलाही पाठवतेय.

आपली,
एक प्रेक्षक आणि इतिहासाची शिक्षिका