चीज नसलेला पिझ्झा

नेपल्स

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दूध, दही, तूप सोडल्यापासून बाहेर जेवायला जाणे ही शिक्षा वाटते, असे तू लिहिले होतेस आणि इटलीत आलो तर उपाशीच राहावे लागेल का, असेही विचारले होतेस. त्याचे उत्तर मी काल संध्याकाळी जेवूनच आलो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

व्हिया देई त्रिबुनाली या रस्त्यामागच्या एका बोळात एक छोटेसे घरगुती उपाहारगृह आहे. टेबले जेमतेम सहा-सात, भट्टीवर बाप आणि गल्ल्यावर मुलगी. तिथल्या मेन्यूवर ‘व्हीगन’ (म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचे काहीच नसलेले) हा शब्द कुठेही नाही, पण सगळ्यात वर आणि सगळ्यात स्वस्त असा जो पिझ्झा आहे तो मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, बस्स. त्याच्यावर चीज मुळातच नसते, त्यामुळे ‘ते काढून द्या’ म्हणून कुणापुढे ओशाळे व्हावे लागत नाही. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात १९४४ मध्ये घडवला गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली गरीब माणसे हा पिझ्झा खात आली आहेत. नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांची १९८४ मध्ये स्थापन झालेली संघटनाही अस्सल म्हणून दोनच प्रकार मानते, चीजवाला मार्गेरीटा आणि हा.

मी मुद्दाम भट्टीसमोरचे टेबल धरले. कणकेत मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट याखेरीज काही नसते, आणि ती कित्येक तास फुगू दिलेली असते. म्हाताऱ्याने लाटणे हातात घेतलेच नाही. गोळा बोटांनी मधून कडेकडे दाबत नेला, म्हणजे आतली हवा काठात जाऊन बसते आणि तोच काठ पुढे टम्म फुगतो. मग पळीने टोमॅटो गोल गोल पसरला, त्यावर लसणाचे पातळ काप, तळहातावर चुरडलेला ओरेगॅनो आणि शेवटी तेलाची धार. लाकडाच्या त्या भट्टीत उष्णता सुमारे ४८५ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे साठ ते नव्वद सेकंदांत सारा खेळ आटोपतो. लसूण ओल्या टोमॅटोवर असल्यामुळे करपत नाही, नुसता मऊ पडतो आणि त्याचा उग्रपणा जातो.

चव कशी, तर आंबटगोड टोमॅटो थेट जिभेवर येतो. एरवी चीजची साय त्याच्यावर पांघरूण घालते. इथे लपायला जागाच नसल्याने टोमॅटो बेताचा असला तर पिझ्झा तिथेच फसतो. म्हणूनच एखाद्या दुकानाची पारख मी आता मारिनारावरच करतो. याउलट, दुसऱ्या एका शहरात ‘व्हीगन पिझ्झा’ अशी ठळक पाटी लावलेल्या ठिकाणी मला जे वाढले, त्यावर खोबरेल तेल आणि स्टार्च यांपासून केलेले नकली चीज होते. पिझ्झ्यावरच्या खऱ्या मोझरेला चीजला तार सुटते ती दुधातल्या केसिन या प्रथिनामुळे; ते नसले की नुसता तेलकट लेप टाळूला चिकटून राहतो. अशा सोंगापेक्षा साधी भाजीभाकरी परवडली, हे माझे ठाम मत आहे.

तरी काही गोष्टी जपाव्या लागतील. काही ठिकाणी मारिनारावर अँचोव्ही, म्हणजे खारवलेले छोटे मासे, घालतात. तेव्हा ‘सेंझा अलीची’ असे आधीच सांगावे. फोकाच्चा या जाडसर पावाच्या किंवा तळलेल्या पदार्थांच्या कणकेत कधी कधी डुकराची चरबी असते, तिथे विचारल्याशिवाय हात लावू नये. (पार्मिजानो या चीजबद्दल तुझ्या आईंना सांगून ठेव: ते वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध साकळवणाऱ्या द्रव्याने विरजतात, म्हणजे दूध चालणाऱ्या शाकाहाऱ्यांनाही ते चालणार नाही.) फ्रियारिएल्ली नावाची कडसर पालेभाजी मात्र अवश्य मागव, मोहरीच्या कोवळ्या पाल्याची आठवण येईल, ती बहुधा सॉसेजबरोबर येते, तेव्हा नुसती भाजी हवी हे बजावून सांग.

म्हाताऱ्याला मी विचारले, चीज न खाणारा मित्र येणार आहे, काय द्याल? त्याने भट्टीतून मान न वळवता ‘मारिनारा, दुसरे काय?’ असे उत्तर दिले. तू तिकीट काढलेस की तारीख कळव. रविवारी हे दुकान बंद असते, तेव्हा तो दिवस सोडून ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अभय