शंभर मिलिग्रॅम, पण कोणत्या पाण्यात?

मा. संपादक,

पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड नॅनो-पदार्थाने काढण्याविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘एका ग्रॅमने शंभर मिलिग्रॅम फ्लोराइड शोषले’ हे ठळक छापलंय. कोणत्या पाण्यातून, ते कुठेच नाही. माझी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली, म्हणून राहवलं नाही.

एक विद्यार्थिनी नॅनो-ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म पुडीची) बाटली घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली होती. ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून तिने लिटरला ५० मिलिग्रॅमचं द्रावण केलं होतं. त्यात पूड झकास चालली. मग मी तिला बोअरचं पाणी दिलं: फ्लोराइड लिटरला ३ मिलिग्रॅम, सामू (pH) ८ च्या वर, बायकार्बोनेट भरपूर. शोषण धाडकन खाली आलं. सामू चढला की ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावरचा, फ्लोराइडला ओढणारा धनप्रभार उतरतो, आणि उरलेल्या जागा बायकार्बोनेट अडवतं. गंमत म्हणजे जास्त फ्लोराइडचं भूजल बहुधा असंच अल्कधर्मी असतं! वर पूड इतकी बारीक, की पाणी दुधाळ झालं आणि गाळणकागद अर्ध्या लिटरातच तुंबला. म्हणून ती मण्यांवर बसवतात. मग मण्यांचं वजनही हिशेबात धरावं लागतं आणि ग्रॅममागचा आकडा आणखी घटतो.

आता घरातलं गणित. रोज १० लिटर पाणी ३ वरून १ मिलिग्रॅमवर आणायचं, तर दिवसाला २० मिलिग्रॅम फ्लोराइड अडवावं लागतं. ग्रॅमला २ मिलिग्रॅम क्षमता धरली तर किलोभर माल १०० दिवस पुरेल. बातमीतला आकडा धरला तर साडेतेरा वर्षांहून जास्त! एवढ्या भरवशावर कुणी फिल्टर बसवला आणि तो चौथ्या महिन्यात संपला, तर कळणार कसं? फ्लोराइडला ना चव, ना वास, ना रंग. कॉस्टिक सोड्याने धुऊन माल पुन्हा वापरता येतो, पण त्या धुवणात सगळं फ्लोराइड एकवटतं. ते ओतायचं कुठे, हेही बातमीत नाही.

पुढच्या वेळी निदान एवढं विचारा: सामू किती होता, सुरुवातीचं फ्लोराइड किती होतं, आणि किती लिटरनंतर फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू लागलं?

त्या विद्यार्थिनीने प्रबंधात दोन्ही आकडे दिले. बोअरच्या पाण्याचा तक्ता मात्र परिशिष्टात गेला.

– एक निवृत्त पाणी-तपासनीस