एबी फॉर्मच्या रात्रीचं उत्तर

डी मॉइन, आयोवा
१६ जानेवारी २०२४

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, शुगर कंट्रोलमध्ये आहे, थंडी मरणाची आहे. झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते.

काल रात्री कॉकसहून, म्हणजे पक्षाच्या वस्तीवार सभेहून, घरी आलो, लेक चिमी दार आपटून आत गेली आणि मी गाडीतच बसून राहिलो. बाहेर उणे वीस, काचेवर आतून बर्फ धरलेला. येताना ती म्हणाली होती, पुढच्या वेळी, म्हणजे २०२८ ला, मी कॉलेजला एक टर्म सुट्टी टाकून ज्याचं नाव कुणाला माहीत नाही अशा उमेदवाराचं काम करणार. आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रॅक्टिकल हो जरा." तेच तीन शब्द रे. २०१७ ला झेडपीच्या वेळी, पंधरा वर्षं सतरंज्या उचललेल्या माणसाचा, म्हणजे तुझाच, एबी फॉर्म (पक्षाच्या तिकिटाचा कागद) सकाळी पक्षात आलेल्याच्या खिशात गेला, त्या रात्री तू फोन केलास आणि विचारलंस, "तुमच्याकडं तरी साध्या माणसाला तिकीट मिळतं का रे, आणि मिळतं तर कसं?" तेव्हा मी हेच म्हणालो होतो. नंतर आपण लग्नाकार्याचं बोललो, आबा गेले तेव्हा बोललो, पण त्या प्रश्नाला मी कधी हात लावला नाही. उत्तर माझ्याकडं तेव्हाही होतं, डोळ्यांनी बघितलेलं. आज देतो.

पहिलं म्हणजे इथंही पूर्वी आपल्यासारखंच होतं. १९६८ ला डेमोक्रॅटिक पक्षानं हम्फ्रीला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, त्या गड्यानं एकही प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायचं राज्यातलं मतदान, लढवली नव्हती, सगळं पुढाऱ्यांनी आपसात ठरवलं. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोरांनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, मग लाज वाटून पक्षानं नियम बदलले, की राज्याराज्यातल्या लोकांनी प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी उमेदवार ठरवायचा. आणि ज्या मॅकगव्हर्ननं ती नियम बदलणारी कमिटी चालवली तोच १९७२ ला उमेदवार झाला, कारण नवे नियम त्याच्याइतके कुणी वाचलेच नव्हते. हे लक्षात ठेव, नियम वाचणं. तू भाषणं पाठ करायचास, मी तुला तेव्हाही सांगत होतो. (आणि हो, तुझी सायकल मी हरवली नाही, बंड्यानं नेली होती, हे शेवटचं सांगतो.)

मग १९७६ चा कार्टर, पुढं अध्यक्ष झालेला. जॉर्जियातला भुईमूगवाला, तुझ्याच जातकुळीचा. लोक विचारायचे, जिमी कोण? उमेदवार ठरवायची सुरुवात तेव्हा आयोवाच्या कॉकसपासून व्हायची, म्हणून तो वर्षभर आधीपासून आयोवात फिरला, हॉटेलला पैसे नाहीत म्हणून लोकांच्या घरी झोपायचा आणि सकाळी अंथरुणाची घडी स्वतः घालून निघायचा. निकालात ३७ टक्के लोकांनी "अजून ठरवलं नाही" म्हटलं, त्याला २७-२८ मिळाले, म्हणजे खरं तर तो दुसराच. पण नाव असलेल्या उमेदवारांत पहिला, आणि दुसऱ्या दिवशी देशाला त्याचं नाव कळलं. पुढं न्यू हॅम्पशायर राज्यात जॉर्जियाहून त्याच्या गावचे लोक स्वखर्चानं येऊन बर्फात दारं ठोठावत होते. आज नव्याण्णव वर्षांचा आहे, घरीच हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतली, शुश्रूषा चालू आहे, बायको नोव्हेंबरात गेली. मला त्या म्हाताऱ्याबद्दल फार वाटतं.

आता मी बघितलेलं सांगतो. ३ जानेवारी २००८, डेमोक्रॅट पक्षाची कॉकस. मी तेव्हा व्हिसावरचा, मत नाही, पण बघायला कुणीही जाऊ शकत होतं म्हणून शेजारच्या आजींबरोबर गेलो, चिमी दीड वर्षाची, कडेवर. शाळेची जिम, बास्केटबॉलची रिंग वर बांधलेली, आणि माणूस माणसाला चिकटून उभा. गुप्त मतदान नाही बाळ्या, ज्याचा उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं. मोजणी म्हणजे माणसं एकेक करून आपला नंबर ओरडत होती, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, आपल्या शाळेतल्या पीटीसारखी. ज्या कोपऱ्यात १५ टक्के भरले नाहीत तो कोपरा बाद, तिथल्या लोकांनी दुसरीकडं जायचं नाहीतर घरी. आजी बायडनच्या कोपऱ्यात होत्या, सात-आठ जण असतील, बाद झाले. मग तिन्ही बाजूंनी शेजारीपाजारी त्यांना ओढायला आले. हिलरी क्लिंटनवाल्या बाई त्यांच्या चर्चमधल्या, एडवर्ड्सवाला त्यांच्या नवऱ्याचा मित्र. पण ओबामाच्या कोपऱ्यातून एक विशीचा पोरगा आला, तो मागच्या उन्हाळ्यापासून त्यांच्याकडं चार वेळा येऊन गेला होता, एकदा तर दारातला बर्फ फावड्यानं काढून दिला होता. त्यानं काही भाषण दिलं नाही. फक्त म्हणाला, मी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय. आजी उठल्या, काठी टेकत टेकत अख्खी जिम ओलांडून त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. मला अजून त्या काठीचा आवाज ऐकू येतो.

ओबामा ३७.६, एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.४. त्याआधी देशभरच्या पोलमध्ये क्लिंटन वीस-वीस पॉइंटनं पुढं होत्या. आणि आयोवा म्हणजे बहुतेक सगळी गोरी वस्ती. इथं लोकांनी त्याला उभं केलं म्हटल्यावर साउथ कॅरोलायनातल्या काळ्या लोकांना वाटलं, हा खरंच निवडून येऊ शकतो, आणि तिथं त्याला ५५ टक्के मिळाले. विश्वास आधी एका लहान जागी तयार व्हावा लागतो, मग तो पुढं सरकतो.

दुसरं गणित. आयडाहो नावाचं राज्य आहे, डेमोक्रॅट तिथं नावालाच. क्लिंटनच्या लोकांनी तिकडं लक्षच दिलं नाही, त्यांनी न्यू जर्सी जिंकलं, लाखो मतं, आणि तिथून त्यांना ११ प्रतिनिधींची आघाडी मिळाली. ओबामानं आयडाहोच्या वीसेक हजार लोकांच्या कॉकसमधून १२ ची घेतली. प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटायचा नियम असल्यामुळं मोठं राज्य थोडक्यानं जिंकण्यापेक्षा लहान राज्य दणकून जिंकलेलं फायद्याचं. प्लफ नावाचा ओबामाचा प्रचार मॅनेजर हे जिल्ह्याजिल्ह्याचं कोष्टक घेऊन बसायचा. मी तेव्हा ते वाचताना तुझी ती वही आठवली, वाडीवार नावं लिहिलेली, कुणाची म्हैस आजारी, कुणाचा पोरगा पुण्यात. तुझी वही काही कमी नव्हती लेका. तुझ्याकडं ती उघडायला जिमच नव्हती. वर बसलेल्या एका माणसाच्या सहीपुढं वाडीवार नावांचं काय चालणार?

आणि कालचं ऐक. मागच्या वर्षी पक्षानं पहिला नंबर आयोवाकडून काढून साउथ कॅरोलायनाला दिला. काल डेमोक्रॅट कॉकस झाली पण त्यात अध्यक्षाचं मत नाही, ते पोस्टानं, निकाल ५ मार्चला. मी नागरिक झालो २०२२ ला. सोळा वर्षं वाट बघून पहिल्यांदा भाग घ्यायला गेलो, संक्रांत होती म्हणून तिळगुळाचा डबा घेऊन गेलो. तीच जिम, आणि आत आम्ही एकोणीस माणसं. ठराव वाचले, कौंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, प्रतिनिधी निवडले, पाऊण तासात संपलं. कोपरे मोकळे. आजी नाहीत आता. डबा अर्ध्याहून जास्त परत आला.

चिमी म्हणते बरंच झालं. ती म्हणते, रात्रपाळीची नर्स, तान्हं बाळ असलेली बाई, व्हीलचेअरवरचा माणूस, ह्यांना तुमच्या त्या जिममध्ये कुठं जागा होती, आणि देशातल्या इतक्या गोऱ्या राज्यानं पहिलं का ठरवावं? बरोबर आहे तिचं, मला खोडता येत नाही. पण मला काळजी वेगळीच लागलीय. साउथ कॅरोलायना लोकसंख्येनं आमच्यापेक्षा मोठं, तिथं दार ठोठावून कितीजण भेटतील, टीव्हीला पैसे लागतात. ज्याच्याकडं फक्त पाय आणि वेळ आहे त्यानं आता सुरुवात कुठून करायची? नुसते पाय पुरत नाहीत हेही कळतं, काल रिपब्लिकन बाजूला डिसँटिस आयोवाच्या ९९ च्या ९९ कौंट्या फिरून २१ टक्क्यांवर राहिला, ट्रम्पला ५१. पण २०१२ ला सँटोरम अशाच ९९ फिरून ३४ मतांनी जिंकला होता. निदान फिरायला जागा होती.

म्हणून मी प्रॅक्टिकल हो म्हणालो असेन. तिला तुझ्यासारखं झालेलं मला बघवणार नाही, हे खरं कारण. तुला म्हणालो तेव्हाही तेच होतं, पण ते सांगायचं सोडून मी शहाणपणा सांगितला.

तुझं काय चाललंय? ऊस गेला का, टोळी आली का वेळेवर? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नका. सम्याच्या एमपीएससीचं कळव. झेडपी तर दोन वर्षं प्रशासकाच्याच हातात आहे, निवडणुका लागतील तेव्हा लागतील, तू उभा राहणार की नाही हे मी विचारत नाही, तुला वाटलं तर सांग.

एक काम कर. चिमीशी बोल. मराठी समजतं तिला, बोलताना अडखळते पण समजतं सगळं. तिला त्या रात्रीचं सांग, तीनच्या आधी फॉर्म येईल म्हणून तहसीलबाहेर किती वेळ उभा होतास ते, आणि त्या आधीची पंधरा वर्षंही सांग, वाड्यावस्त्यांवर काय मिळालं ते. काही कमी करून सांगू नकोस, वाढवूनही नको. रविवारी सकाळी तुमचे आठ-नऊ वाजतात तेव्हा आमची शनिवारची रात्र असते, ती जागी असते. मी शेजारच्या खोलीत असेन, मध्ये बोलणार नाही.

तुझा,
विन्या